इमारत-ऊर्जा सिम्युलेशनसाठी हवामान फाइल (सोलापूर)

इमारत उभी राहण्याआधीच ती किती तापेल, कूलर-एसीला किती वीज लागेल, याचा संगणकावर अंदाज घेण्यासाठी त्या गावाच्या हवामानाची तासागणिक नोंद असलेली फाइल लागते. 'एनर्जीप्लस' या असा अंदाज काढणाऱ्या संगणक-प्रणालीसाठीच्या ईपीडब्ल्यू (तिच्या ठरलेल्या नमुन्यातल्या हवामान) फाइलमध्ये आधी आठ ओळी माहितीच्या (अक्षांश, रेखांश, उंची, प्रमाणवेळ वगैरे) आणि मग वर्षाच्या ८,७६० तासांची एकेक ओळ असते. तापमान, दवबिंदू (हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान), आर्द्रता, दाब, वारा आणि सौर प्रारण (सूर्याकडून येणारी ऊर्जा) हे त्यातले कामाचे रकाने.

हे वर्ष बहुधा जोडलेले असते. अनेक वर्षांच्या नोंदींतून सर्वांत प्रातिनिधिक जानेवारी, फेब्रुवारी असा एकेक महिना निवडून ते बनवतात. 'इश्रे' या वातानुकूलन अभियंत्यांच्या भारतीय संस्थेच्या शहरवार फाइलींच्या संचात सोलापूर आहे, त्यामुळे पुण्याची फाइल वापरण्याला सबब उरत नाही. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत (२०१७) सोलापूर उष्ण-कोरड्या विभागात येते, पुणे उष्ण-दमट विभागात.

स्वतः फाइल बनवताना खरी किचकट बाब म्हणजे वेळ. वेधशाळांच्या नेहमीच्या नोंदी जागतिक वेळेनुसार दर तीन तासांनी होतात; आपल्या घड्याळात त्या ५.३०, ८.३०, ११.३०, २.३० अशा पडतात. फाइलला मात्र पूर्ण तास हवे असतात. मधले तास सरळ रेषेने भरले, तर दुपारचा वळीव येऊन पारा झटकन उतरल्याची खूण पुसली जाते. प्रमाणवेळ ५.५ अशीच लिहावी. ५ लिहिल्यास संगणकातला सूर्य अर्धा तास पुढे धावतो आणि तापमानाशी त्याचा मेळ राहत नाही. सोलापूर सुमारे ७५.९° पूर्व रेखांशावर असल्याने इथला सूर्य घड्याळापेक्षा सरासरी २६ मिनिटे मागे असतो.

सौर प्रारणाचे आकडे बहुतेकदा उपग्रहावरून किंवा ढगांच्या नोंदींवरून काढलेले असतात. क्षितिजसमांतर पातळीवरचे एकूण प्रारण हे विखुरलेले प्रारण आणि थेट किरणांचा उभा घटक यांच्या बेरजेइतके येते का, हे तपासावेच. मेच्या पूर्वार्धात आणि ऑगस्टच्या आरंभी इथे सूर्य माथ्यावर येतो. त्यामुळे पत्र्याच्या यंत्रमाग शेडमध्ये भिंतींपेक्षा छपराचाच त्रास अधिक. कूलरचा हिशेब करायचा असेल तर दवबिंदूचा रकाना नीट पाहावा: एप्रिलच्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, जुलैच्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग नाही.

प्रातिनिधिक वर्षात उष्णतेच्या लाटा बोथट होतात. वर्षाचे वीजबिल काढायला ते पुरते; रुग्णालयाचा वॉर्ड किंवा वरच्या मजल्यावरचा वर्ग किती तापेल हे पाहायचे असेल, तर प्रत्यक्षातले एखादे कडक उन्हाळ्याचे वर्ष वेगळे चालवतात. पुढच्या दशकांसाठी हवामान प्रारूपांतील मासिक बदल तासांच्या आकड्यांत मिसळतात.