लष्करी प्रशिक्षण आणि लष्करी शिक्षण: आईक स्केल्टन यांनी ३४ वर्षं लावून धरलेला फरक

माझे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते. सुट्टीवर आले की आम्ही भाचरं त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसायचो. एकदा त्यांनी ओसरीवर मांडी घालून डोळे मिटले आणि रिकाम्या हातांनीच रायफल उघडून परत जोडून दाखवली. समोर रायफल नव्हती, पण अंगठा कुठे दाबायचा, कुठला भाग डावीकडे ठेवायचा, स्प्रिंग कशी परत बसवायची, हे सगळं बोटं आपोआप करत होती. मी विचारलं, "हे कसं लक्षात राहतं?" ते म्हणाले, "लक्षात कुठलं राहतंय! बेळगावला उस्तादानं घोटून घेतलंय. आता हातालाच ठाऊक आहे."

याला प्रशिक्षण म्हणतात. काम माहीत असतं, ते करायची बरोबर पद्धतही माहीत असते, आणि गोळ्या सुटत असताना विचार करायला वेळ मिळणार नाही म्हणून ती पद्धत अंगवळणी पाडून घ्यायची. लष्करी शिक्षण वेगळं. आपल्याकडच्या बातम्यांत मात्र दोन्हींना सर्रास 'लष्करी प्रशिक्षण' म्हणून मोकळे होतात. गैरसमज होणं साहजिकही आहे, कारण दोन्हीकडे गणवेश असतो, वर्ग असतात, शेवटी प्रमाणपत्र मिळतं. पण शिक्षण अधिकाऱ्याला अशा प्रसंगासाठी तयार करतं ज्याचं उत्तर कुठल्याच पुस्तिकेत छापलेलं नाही. हा फरक ज्या लोकप्रतिनिधीनं आयुष्यभर लावून धरला, त्यांच्या कारकिर्दीतून तो मला सर्वांत नीट कळला.

आईक स्केल्टन १९३१ साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या लेक्सिंग्टन गावी जन्मले. त्या गावच्या न्यायालयाच्या इमारतीला उंच खांब आहेत आणि त्यातल्या एकात अमेरिकी यादवी युद्धातल्या १८६१ च्या लढाईतला तोफगोळा आजही रुतलेला दिसतो. असा गोळा पाहत मोठा झालेला मुलगा इतिहासाकडे कोरडेपणानं बघणार नाही, हे मला पटतं. वडील वकील आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हॅरी ट्रूमन यांचे स्नेही. मुलाला सैन्यात जायचं होतं, पण शाळकरी वयात पोलिओ झाला. जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जला उपचार झाले, तरी हातांतली ताकद पूर्ण परत आली नाही आणि सैन्याचा रस्ता बंद झाला. मग वकिली, सरकारी वकिली, राज्याच्या सिनेटमध्ये काही वर्षं, आणि १९७६ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहावर निवड. तिथे ते सलग १७ वेळा निवडून आले. ज्याला कधी गणवेश घालता आला नाही, तो माणूस पुढे सेनादलांच्या शिक्षणाचा सर्वांत आग्रही पाठीराखा ठरला.

'संरक्षण आणि शिक्षण हे त्यांचे विषय' असं वाचलं की डोळ्यांपुढे मुलांच्या शाळा येतात. स्केल्टन यांच्या संदर्भात तो शब्द प्रामुख्यानं मेजर, कर्नल या हुद्द्यांवरच्या माणसांच्या शिक्षणासाठी आहे.

प्रशिक्षणाकडे त्यांनी दुर्लक्ष केलं असं मुळीच नाही. फोर्ट लेनर्ड वुड हा मोठा प्रशिक्षण तळ त्यांच्याच मतदारसंघात होता, आणि बी-२ बॉम्बर विमानांचं ठाणं असलेला व्हाइटमन तळही. मतदार त्यांना याच तळांसाठी, तिथल्या रोजगारासाठी ओळखत. पण केवळ प्रशिक्षण पुरत नाही, हे त्या पिढीला एका रात्रीनं दाखवून दिलं.

एप्रिल १९८० मध्ये तेहरानमध्ये ५३ अमेरिकन ओलीस होते. त्यांच्या सुटकेसाठी विमानवाहू नौकेवरून ८ हेलिकॉप्टरं निघाली. ती नौदलाची, चालवणारे मरीन दलाचे, इंधन घेऊन येणारी विमानं हवाई दलाची आणि ओलिसांना सोडवणारे कमांडो लष्कराचे. वाटेत धुळीच्या लोटांनी गाठलं, बिघाड झाले, आणि पुढे जायला किमान ६ हेलिकॉप्टरं हवी असताना ५ च धड उरली. मोहीम तिथेच सोडायचं ठरलं. परत फिरताना इराणच्या वाळवंटात एक हेलिकॉप्टर उभ्या विमानावर आदळलं आणि ८ जण गेले. यातला कुणीही अडाणी नव्हता. आपापल्या कामात प्रत्येकाचा हात बसलेला होता. पण चारही दलांना एकत्र धरून विचार करणारी रचना नव्हती. तिथे एकत्र विचार करायला शिकलेले अधिकारी मुळात फार थोडे होते.

त्यानंतर सेनादलांच्या रचनेवर वाद पेटला. स्केल्टन त्यात सुरुवातीपासून होते. दलप्रमुखांची संयुक्त समितीच बरखास्त करा, असं विधेयक मांडण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. इतकं टोक कुणी स्वीकारलं नाही, पण १ ऑक्टोबर १९८६ रोजी गोल्डवॉटर-निकोल्स कायदा झाला. संयुक्त समितीच्या अध्यक्षाचे अधिकार वाढले. शिवाय, ज्याला जनरल किंवा ॲडमिरल व्हायचं आहे त्यानं आधी आपल्या दलाबाहेर, संयुक्त पदावर काम केलेलं असलं पाहिजे, असं कायद्यानंच ठरलं.

कायदा झाला, पण तो पेलणारी माणसं कुठून आणायची? १९८७ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या सशस्त्र सेना समितीनं लष्करी शिक्षणावर एक पॅनेल नेमलं आणि स्केल्टन त्याचे अध्यक्ष झाले. एप्रिल १९८९ चा त्याचा अहवाल आजही 'स्केल्टन अहवाल' म्हणूनच ओळखला जातो. मला यातला सर्वांत मोलाचा भाग अगदी साध्या गोष्टींचा वाटतो. नुसती व्याख्यानं ऐकवू नका, निबंध लिहायला लावा. गुण द्या, आणि असे द्या की चांगलं-वाईट कळेल. प्रत्येक गटात इतर दलांतला किमान एक अधिकारी बसवा, म्हणजे पायदळाचा मेजर आपला मुद्दा मांडताना समोरचा वैमानिक त्याला अडवेल. शिकवायला उत्तम माणसं पाठवा. संयुक्त शिक्षणाचे दोन टप्पे करा, पहिला आपापल्या दलाच्या महाविद्यालयात आणि दुसरा नॉरफोकच्या संयुक्त महाविद्यालयात.

मराठी वाचकाला यातली एक गंमत सहज कळेल. अमेरिकेत लष्कर, नौदल आणि हवाई दल यांच्या प्रबोधिन्या पहिल्यापासून वेगळ्या, तिन्ही तीन गावांना. त्यामुळे तिथले अधिकारी एका वर्गात बसतात ते बऱ्याच उशिरा. आपल्याकडे खडकवासल्याला एनडीएत १७-१८ वर्षांची पोरं तीन वर्षं एकाच मेसमध्ये जेवतात आणि मग आपापल्या दलात जातात. त्या तीन वर्षांतही दोन्ही गोष्टी शेजारी नांदतात. ड्रिल स्क्वेअरवरची कवायत हे प्रशिक्षण, आणि वर्गात बसून मिळवलेली जेएनयूची पदवी हे शिक्षण. कॅडेटला कवायतीत एक पाऊल चुकलं तर लगेच कळतं. वर्गात काय चुकलं ते कदाचित २० वर्षांनी, ब्रिगेड हाताखाली आल्यावर कळेल.

ओळखायची माझी खूण हीच आहे. प्रशिक्षणाचं फळ मोजता येतं: इतक्या सेकंदांत रायफल जोडली, इतक्या मीटरवरून नेम लागला. शिक्षणाचं फळ उशिरा दिसतं. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या अमेरिकी आरमाराचे प्रमुख असलेल्या ॲडमिरल निमिट्झ यांनी युद्धानंतर लिहिलं होतं की न्यूपोर्टच्या नौदल महाविद्यालयात जपानशी होणारं युद्ध पटावर इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी खेळून पाहिलं होतं की प्रत्यक्षात कामिकाझे हल्ले सोडले तर काहीच अनपेक्षित वाटलं नाही. निमिट्झ न्यूपोर्टला शिकले ते १९२२-२३ मध्ये, आणि त्या पटाचा उपयोग झाला जवळपास २० वर्षांनी. मधल्या काळात कुणी जमाखर्च मांडला असता तर ते वर्ष वाया गेलं असंच दिसलं असतं. म्हणूनच काटकसर सुरू झाली की शिक्षणावर आधी कुऱ्हाड येते, आणि म्हणूनच संसदेत त्याच्या बाजूनं चिवटपणे बोलणारं कुणीतरी लागतं. तिथे मतं मिळत नाहीत. स्केल्टन तरीही बोलत राहिले. अधिकाऱ्यांनी आणि खासदारांनी वाचावीत अशा ५० पुस्तकांची यादीही त्यांनी काढली होती.

हा फरक किती महाग पडू शकतो, ते इराकमध्ये दिसलं. ४ सप्टेंबर २००२ रोजी स्केल्टन यांनी राष्ट्राध्यक्ष बुश यांना पत्र लिहिलं. इराकी सैन्याला हरवता येईल, याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांचा प्रश्न होता, नंतर काय? देश कोण चालवणार, किती काळ, किती सैन्य लागेल? शेवटच्या पावलाचा विचार केल्याशिवाय पहिलं टाकू नये, हा युद्धविचारवंत क्लाउझेवित्झचा इशारा त्यांनी पत्रात दिला, आणि गाडीमागे धावणाऱ्या कुत्र्याचा दाखलाही: गाडी हाती लागल्यावर तो तिचं करणार काय? ऑक्टोबरमध्ये मतदान झालं तेव्हा त्यांनी युद्धाच्या अधिकाराच्या बाजूनं मत दिलं. ते मत मला आजही खटकतं. ज्याला प्रश्न इतका स्वच्छ दिसला होता, त्यानं उत्तर मिळेपर्यंत हात आखडता घ्यायला हवा होता. मार्च २००३ मध्ये, युद्ध दारात असताना, त्यांनी पुन्हा लिहिलं. सैन्य साधारण तीन आठवड्यांत बगदादला पोचलं. इतकं घोटून घेतलेलं सैन्य जगानं क्वचितच पाहिलं असेल. 'नंतर काय'चं उत्तर मात्र पुढची कित्येक वर्षं रक्त सांडत शोधावं लागलं.

२००७ मध्ये ते सशस्त्र सेना समितीचे अध्यक्ष झाले आणि २०१० च्या निवडणुकीत हरले. त्या वर्षीच्या वार्षिक संरक्षण कायद्याला त्यांचं नाव देण्यात आलं. २८ ऑक्टोबर २०१३ रोजी ते गेले. कॅन्ससमधल्या फोर्ट लेव्हनवर्थला लष्कराचं कमांड आणि स्टाफ महाविद्यालय आहे. तिथल्या ग्रंथालयावर आता स्केल्टन यांचं नाव आहे, आणि मेजर हुद्द्याचे अधिकारी आपले निबंध लिहायला त्याच ग्रंथालयात येतात.