लांबच्या प्रवासात इलेक्ट्रिक गाडीची रेंज : गाडी नेण्यापूर्वी कृपया वाचावे

आमच्याकडून स्वतः चालवण्यासाठी इलेक्ट्रिक गाडी नेणाऱ्या ग्राहकांचे फोन बहुधा शनिवारी दुपारी, साताऱ्याच्या किंवा कराडच्या आसपासून येतात आणि प्रश्न ठरलेला असतो : ‘‘पुण्यातून निघताना गाडी ३८० किलोमीटर दाखवत होती, दीडशेच चाललो, मग आता १४० कसे? बॅटरी खराब दिली आहे का?’’ बॅटरी खराब नसते. पडद्यावरचा आकडा ज्या हिशेबाने येतो आणि हायवेवर गाडी ज्या हिशेबाने वीज खाते, ते दोन हिशेब वेगळे आहेत. गाडी सुरू कशी करावी, चार्जिंगची गन कशी लावावी, हे आम्ही ताबा देताना दाखवतोच. हे पत्रक पुण्याबाहेर, एका चार्जिंगच्या पलीकडे जाणाऱ्यांसाठी आहे.

कंपनीच्या जाहिरातीत दिसणारी रेंज, म्हणजे एका पूर्ण चार्जमध्ये कापता येणारे अंतर, पुण्यातल्याच एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेच्या चाचणीतून प्रमाणित झालेली असते. ही चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगांच्या क्रमाने होते. त्यात वेग ९० च्या वर जात नाही, आणि चार माणसे, डिकीभर सामान, घाट किंवा समोरचा वारा यांपैकी काहीही नसते. तो आकडा खोटा नसतो, पण घराच्या जाहिरातीतल्या ‘स्टेशनपासून दहा मिनिटां’प्रमाणे तो कोणत्या परिस्थितीत खरा, हे विचारावे लागते. टाटांच्या नेक्सॉन ईव्हीचे उदाहरण घ्या : ४५ युनिटांच्या बॅटरीची प्रमाणित रेंज ४८९ किलोमीटर आहे, आणि प्रत्यक्ष वापरात साडेतीनशेच्या आसपास धरावेत असे कंपनी स्वतःच सांगते. तेही शहर आणि हायवे मिळून. चार जण, एसी आणि शंभरचा वेग धरला, तर याच गाडीसाठी आम्ही बुकिंगच्या वेळी अडीचशे सांगतो. मोठा आकडा सांगणारे बाजारात पुष्कळ आहेत, आणि आमचा आकडा ऐकून काही ग्राहक तिकडे जातात हेही आम्हाला ठाऊक आहे.

आता पडद्यावरच्या किलोमीटरांविषयी. गाडीला आपण कुठे निघालो आहोत हे ठाऊक नसते. ती मागचे काही अंतर कसे चालली यावरून पुढचा अंदाज बांधते. आपल्या आधीच्या ग्राहकाने गाडी कोथरूड ते हडपसर अशी चाळीसच्या वेगाने फिरवलेली असेल, तर आपल्याला ताबा मिळताना आकडा फुगलेला दिसणार. नुकतीच घाट उतरून आली असेल, तर आणखी फुगलेला. म्हणून लांबच्या प्रवासात किलोमीटरांकडे न पाहता टक्क्यांकडे पाहावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. ४५ युनिटांच्या गाडीत एक टक्का म्हणजे जवळजवळ अर्धा युनिट, घरच्या वीजबिलात असतो तोच. सपाट रस्त्यावर ८० ते ८५ च्या वेगाने एका टक्क्यात तीन किलोमीटर होतात. काटा शंभरवर ठेवला की अडीच.

पेट्रोल गाडीची सवय इथे उलटी पडते. पेट्रोल गाडी शहरात जास्त पिते आणि हायवेवर चांगले ॲव्हरेज देते. इलेक्ट्रिक गाडी शहरात काटकसरी असते आणि हायवेवर सढळ हाताने खर्च करते. शहरात दर ब्रेकला थोडी वीज बॅटरीत परत जाते, हायवेवर ब्रेक क्वचितच लागतो. शिवाय हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० वरून १०० वर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो आणि १२० वर सव्वादोनपट. समृद्धी महामार्गावर कारसाठी १२० ची मर्यादा आहे, आणि रस्ता इतका सरळ की काटा तिथे कधी पोहोचला हे कळतही नाही. त्या मार्गाने नागपूरकडे जाणाऱ्यांनी टक्क्याला दोन किलोमीटरच धरावेत. टपावरचे कॅरिअर, कमी हवेची चाके आणि पावसाळ्यात साचलेले पाणी यांनीही फरक पडतो. ट्रॅफिक जॅमला मात्र घाबरू नये. खंबाटकीत तासभर अडकलात तरी मोटर काही खात नाही. एसी तेवढा तासाला एक-दीड युनिट घेतो, म्हणजे दोन-तीन टक्के. जॅममध्ये एसी बंद करून लहान मुलांना घामाघूम करण्याची काहीही गरज नाही.

घाटाचा हिशेब

चार माणसे आणि सामान भरलेली गाडी शंभर मीटर उंच चढवायला, अंतराचा खर्च सोडून, साधारण सव्वा टक्का लागतो. पुण्याहून महाबळेश्वर १२० किलोमीटर. तीनने भागले की ४० टक्के. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर आणि महाबळेश्वरची सुमारे १३५०, म्हणजे आठशे मीटरांच्या निव्वळ चढाईचे आणखी १० टक्के. कात्रज, खंबाटकी येथे चढलेले बरेचसे उतरताना परत मिळते, ते सोडून देऊ. पूर्ण चार्ज करून निघालेला ग्राहक पन्नास टक्क्यांनी वर पोहोचतो, आणि नेमका तिथेच फसतो. कारण ‘निम्म्यात आलो, निम्म्यात जाऊ’ असे त्याला वाटते. खरे तर परतीचा उतार असल्यामुळे जाण्यापेक्षा कमी, ३५ टक्क्यांच्या आसपासच लागतात. पण मधले दोन दिवस प्रतापगड, तापोळा, संध्याकाळचा बाजार यांत वीस टक्के सहज जातात. प्रतापगडाकडे जाताना आंबेनळी घाट उतरून आपण खूश होतो. येताना तोच चढायचा असतो.

यावर उपाय सोपा आहे. आमच्या प्रत्येक गाडीच्या डिकीत १५ अँपिअरच्या सॉकेटला लावायची केबल असते. गीझरला किंवा एसीला असतो तो जाड पिनांचा सॉकेट पार्किंगजवळ आहे का, आणि त्याला अर्थिंग आहे का, हे हॉटेल बुक करतानाच विचारावे. रात्री दहाला लावलेली गाडी सकाळी सातपर्यंत पंचवीस युनिटांच्या आसपास, म्हणजे अर्ध्याहून अधिक बॅटरी भरून घेते. खिडकीतून सोडलेला साधा एक्स्टेन्शन बोर्ड मात्र कधीही वापरू नये. तो तापतो, प्लग वितळतो, आणि आमची केबल जळते ती वेगळीच.

वरून उतरण्याच्या दिवशी बॅटरी शंभर टक्के भरू नये, नव्वदवर थांबावे. उतारावर मोटर जनित्राचे काम करून वीज परत बॅटरीत ढकलते. बॅटरी तुडुंब असेल तर ती वीज घ्यायला जागा नसते आणि गाडी सावरण्याचे सगळे काम ब्रेकवर येते. याच कारणासाठी पसरणी घाटात न्यूट्रल टाकून उतरण्याची जुनी सवय कृपया आमच्या गाडीत चालवू नये. त्याने वीज वाचत नाही, उलट मिळणारी जाते, आणि धोका असतो तो आहेच.

वेळ कुठे जातो

आता मुख्य मुद्दा. आमचे जे ग्राहक रस्त्यात अडकतात, त्यांच्या बाबतीत बॅटरी लहान असल्याचे कारण क्वचितच असते. चार्जर उशिरा शोधल्याचे जवळजवळ नेहमीच असते. पेट्रोलचा काटा लाल रेषेला टेकल्यावर पंप पाहायचा, ही आपली वर्षानुवर्षांची रीत, आणि पंप दर पाच-दहा किलोमीटरवर असल्यामुळे ती चालून गेली. इथे ग्राहक साताऱ्याचा चार्जर ‘अजून साठ टक्के आहेत’ म्हणून सोडतो, कराडचा ‘चाळीस आहेत, जेवायला पुढे थांबू’ म्हणून सोडतो, आणि बारा टक्क्यांवर जो एकमेव चार्जर आवाक्यात उरतो तिथे पोहोचल्यावर दिसते की मशीनचा पडदा काळा आहे किंवा दोन गाड्या आधीच रांगेत आहेत. मग आम्हाला फोन येतो. त्या क्षणी आमच्या हातात फार काही नसते.

म्हणून आमचा नियम असा : तीस टक्क्यांच्या खाली जाण्याआधी चार्जरवर असावे, आणि ज्या चार्जरवर थांबणार आहात त्याच्या पुढचा आणखी एक चार्जर त्याच चार्जमध्ये गाठता आला पाहिजे. पहिला बंद निघाला तर दुसऱ्यावर जाता येते, एवढेच त्यामागचे कारण. चार्जिंगची ॲप कंपनीगणिक वेगळी असतात. ती घरी, चांगल्या नेटवर्कमध्ये उतरवून, वॉलेटमध्ये पाचशे-पाचशे रुपये टाकून ठेवावीत. चार्जरसमोर उभे राहून ओटीपीची वाट पाहण्यात जातो तेवढा वेळ प्रत्यक्ष चार्जिंगलाही कधीकधी लागत नाही.

दुसऱ्या टोकाची घाईही वेळ खाते. फास्ट चार्जरवर गाडी दहापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत पाऊण तासात जाते. त्यानंतर बॅटरी सांभाळण्यासाठी गाडी स्वतःच वेग कमी करते आणि उरलेल्या वीस टक्क्यांना जवळपास तेवढाच वेळ घेते. पहिल्या पाऊण तासात तीस युनिट, दुसऱ्यात नऊ. तेव्हा रस्त्यात ऐंशीवर गन काढावी आणि निघावे. शंभर टक्के फक्त घरी किंवा हॉटेलवर, रात्री. मागे उभ्या असलेल्या गाडीचाही विचार त्यात होतो.

आणखी एक गोष्ट मशीनवर लिहिलेली असते, पण कोणी वाचत नाही. ६० किलोवॉटच्या बऱ्याच मशिनांना दोन गन असतात, आणि शेजारी दुसरी गाडी लागली की दोघींना तीस-तीसच मिळतात. चार्जिंग अचानक मंद झाले तर गाडीला दोष देण्यापूर्वी शेजारी पाहावे. शक्य असेल तर रिकाम्या मशीनला गाडी लावावी.

खर्चाविषयी आणि आमच्या अटींविषयी

बॅटरी संपून गाडी बंद पडल्यास फ्लॅटबेडचा, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणाऱ्या ट्रकचा, खर्च ग्राहकाकडून घेतला जातो. ही अट काहींना जाचक वाटते, आणि ‘दोर बांधून पुढच्या चार्जरपर्यंत ओढत नेऊ’ असा तोडगाही सुचवला जातो. तसे करता येत नाही. चाके फिरली की त्यांना जोडलेली मोटरही फिरते, आणि तिचे व तिच्या इलेक्ट्रॉनिक भागांचे नुकसान होऊ शकते. पेट्रोल संपले तर कोणीतरी बाटली आणून देतो; विजेची बाटली मिळत नाही, चारही चाके उचलून नेणारी गाडीच बोलवावी लागते, आणि ती येऊन पोहोचेपर्यंत आपला दिवस जातो व पुढच्या ग्राहकाचे बुकिंगही. खर्च आम्ही सोसला असता तर तो सगळ्यांच्या भाड्यात मिसळावा लागला असता, आणि नियमाने चालवणाऱ्यांनी तो का द्यावा?

त्याऐवजी आम्ही दुसरे एक काम विनामूल्य करतो. दोन दिवस आधी मार्ग कळवल्यास प्रत्येक थांब्यासाठी एक मुख्य आणि एक पर्यायी चार्जर लिहिलेली चिठ्ठी आम्ही तयार करून देतो, आणि ते चार्जर सुरू असल्याची खात्री आदल्या संध्याकाळी करून घेतो. पुणे–कोल्हापूर एकेरी प्रवासात मध्ये एकच थांबा पुरतो, तो जेवणाच्या वेळेशी जुळवून देता येतो. गोव्याला जाणाऱ्यांनी आमची मोठ्या बॅटरीची गाडी घ्यावी असे आम्ही सुचवतो. रोजचे भाडे थोडे अधिक आहे, पण जाताना एक थांबा वाचतो, आणि परतीला आंबोली घाटाची चढाई निवांतपणे होते. अशा गाड्या आमच्याकडे मोजक्याच असल्यामुळे दिवाळी, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांसाठी बुकिंग लवकर करावे, आणि ते करताना जायचे ठिकाण, माणसे किती आणि परतीचा रस्ता कोणता, हेही कळवावे. रस्ता ऐनवेळी बदलला, समजा अणुस्कुरा घाटाने कोकणात उतरायचे ठरले, तर निघण्यापूर्वी एक फोन करावा. चिठ्ठी नव्याने करून पाठवतो.