लाकडाचा गडदपणा वेगळा, झाक वेगळी

टेबलाशेजारी ठेवायला पुस्तकांचं कपाट घेतलं तेव्हा मी एकच गोष्ट पाहिली होती: दोन्ही सारखीच गडद आहेत ना? टेबल जुनं, सागवानी, मधासारखं तपकिरी. कपाटही तेवढंच गडद. टेबलाचा एक खण सोबत नेला होता. दुकानातल्या लखलखीत पांढऱ्या दिव्यांखाली तो कपाटाच्या कडेला धरून पाहिला आणि जुळलं म्हणून निश्चिंत झाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात दोन्ही शेजारी-शेजारी पाहिली, तर टेबल पिवळं दिसत होतं आणि कपाट जांभळट. एकेकटी दोन्ही सुरेख होती. एकत्र आली की टेबल जुनाट आणि कपाट मळकं. त्याच टेबलाला ॲशच्या लाकडाची, जवळपास साईच्या रंगाची खुर्ची कित्येक वर्षं लावलेली होती. ती टेबलाहून कितीतरी फिकी, तरी कधी डोळ्यांना खटकली नव्हती.

माझी गल्लत झाली ती गडदपणा आणि झाक या दोन गोष्टींत. दोन्हींना आपण सरसकट ‘छटा’ किंवा ‘शेड’ म्हणतो, कॅटलॉगमध्येही त्या एकाच नावात कोंबलेल्या असतात, आणि मग लाकूड निवडताना एक पाहिली की दुसरी पाहिली असं वाटतं.

आपल्या रोजच्या बोलण्यात मात्र हा फरक अगदी स्पष्ट आहे. गडद, फिका, उजळ, काळाभोर हे शब्द गडदपणाचे. लालसर, पिवळट, तांबूस, जांभळट, राखाडी हे झाकेचे. ‘हा तपकिरी जरा पिवळट मारतो’ असं आपण म्हणतो, त्यातलं ते ‘मारणं’ म्हणजेच झाक. मुख्य रंगाखालून डोकावणारा दुसरा रंग. अंतर्गत सजावटीचं काम करणारे त्यालाच अंडरटोन म्हणतात.

रंगशास्त्रातही या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या जातात. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकार-शिक्षकाने 1905 मध्ये रंग मोजण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात प्रत्येक रंगाला तीन मापं आहेत: रंग कोणता, तो किती उजळ किंवा गडद, आणि किती तीव्र. उजळपणाची पट्टी 0 पासून 10 पर्यंत, 0 म्हणजे काळा आणि 10 म्हणजे पांढरा. ही मापं एकमेकांवर अवलंबून नाहीत. पिवळसर तपकिरी रंग या पट्टीवर वरखाली हलवला तरी तो पिवळसरच राहतो, आणि पट्टीच्या एकाच पायरीवर पिवळसर, तांबूस आणि राखाडी असे तिन्ही तपकिरी बसू शकतात. माझं टेबल आणि कपाट असेच एका पायरीवर बसले होते.

याचं सगळ्यात नेमकं उदाहरण म्हणजे ओक. व्हाइट ओक आणि रेड ओक ही दोन्ही लाकडं उजळपणात जवळपास सारखी, रेषाही ठळक, नावही एकच. रेड ओकमध्ये गुलाबी झाक असते, व्हाइट ओक मातकट-तपकिरीकडे झुकतो. वेगवेगळ्या खोल्यांत कुणाच्या लक्षातही येणार नाही. रेड ओकच्या जमिनीवर व्हाइट ओकचा पलंग ठेवला की जमीन एकदम गुलाबी वाटू लागते. सागवान सोनेरी-पिवळ्याच्या बाजूचं. चेरी आणि महोगनी तांबूस. काळा अक्रोड चॉकलेटी, पण बऱ्याचदा त्यात राखाडी-जांभळट झाक असते. शिसवीच्या गडद तपकिरीतही जांभळं डोकावतं. पाईन ताजं असताना फिकं पिवळं, पुढे नारिंगीकडे जातं.

खरी पंचाईत मधल्या तपकिरी रंगांत होते, टोकांना नाही. वेंगेसारखं जवळपास काळं लाकूड इतकं गडद असतं की त्याची झाक डोळ्याला फारशी कळतच नाही, म्हणून ते सागवानाशेजारीही चालतं आणि चेरीशेजारीही. अगदी फिक्या लाकडाचंही तसंच. ताजं मॅपल किंवा ॲश यांच्यात रंगच इतका कमी असतो की भांडण करायला फार काही उरत नाही. माझी खुर्ची का खपून गेली, ते यावरून कळलं. मध, बदाम, विटा, चॉकलेट या पट्ट्यातल्या लाकडांत मात्र झाक भरपूर असते, आणि आपल्या घरांतलं बहुतेक फर्निचर नेमकं याच पट्ट्यात येतं.

पण मग झाक एकट्या वस्तूत का दिसत नाही? याचं उत्तर पॅरिसच्या गोबलें या विणकामशाळेतून आलं. मिशेल यूजीन शेवरल हा रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा धागा विणकामात फिका पडतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासून पाहिलं तर रंगात खोट नव्हती. काळ्याशेजारी जे रंग विणले जात होते, त्यांच्यामुळे काळा कमजोर दिसत होता. शेजारी ठेवलेले दोन रंग डोळ्याला आहेत त्याहून अधिक वेगळे भासतात, हा नियम त्याने 1839 मध्ये प्रसिद्ध केला. लाकडालाही तो तंतोतंत लागू पडतो. पिवळसर लाकूड जांभळटाशेजारी आलं की आणखी पिवळं दिसतं, जांभळट आणखी जांभळं. मी घरी आणलेल्या कपाटाचा रंग वाटेत बदलला नव्हता, फक्त त्याला शेजार मिळाला होता.

म्हणून दोन गोष्टींच्या दोन वेगळ्या परीक्षा घ्याव्यात. गडदपणासाठी दोन्ही लाकडांचा एकत्र फोटो काढा आणि फोनमध्येच तो कृष्णधवल करा. रंग निघून जातो, उरतो तो निव्वळ गडदपणा. माझ्या त्या फोटोत कपाट कुठे संपतं आणि टेबल कुठे सुरू होतं, हेही नीट कळत नव्हतं. झाकेसाठी छपाईचा पांढरा कोरा कागद लाकडावर सपाट ठेवा आणि कागदाच्या कडेलगत पाहा. हा कागद किंचित निळसर पांढरा असतो, त्याच्याशेजारी लाकडातला पिवळा, गुलाबी किंवा राखाडी वर येतो. दोन्ही लाकडांना तोच कागद लावायचा, आणि दिवसाउजेडी, खिडकीपाशी. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते दुकानात केलं असतं तर कपाट तिथेच राहिलं असतं.

निवड करताना माझा कल आता स्पष्ट आहे. झाक एका घराण्यातली ठेवावी आणि गडदपणात उघड फरक पडू द्यावा. पिवळसर सागवानाबरोबर पिवळसरच पण पुष्कळ फिका किंवा पुष्कळ गडद सोबती. सगळ्यात वाईट दिसतं ते ‘जवळपास जुळणारं’: गडदपणा सारखा आणि झाक थोडी वेगळी. डोळा तिथे फरक न मानता चूक मानतो, जुळवायला गेले आणि जमलं नाही असं. एका खोलीत दोन किंवा तीनच प्रकारची लाकडं असावीत, हा सल्लाही बऱ्याचदा ऐकू येतो. मला तो पटत नाही. एकाच झाकेची पाच लाकडं गुण्यागोविंदाने नांदतात, दोन विरुद्ध झाकांची दोनच लाकडं खोली बिघडवतात.

विरुद्ध झाका आणायच्याच असतील तर त्यांना अंतर द्यावं. मध्ये गालिचा, रंगवलेली भिंत किंवा कापडी सोफा आला की दोघांची थेट तुलना होत नाही. जमीन लाकडी असेल तर तीच खोलीतलं सर्वात मोठं लाकूड असते आणि तिच्यावर प्रत्येक पाय थेट टेकलेला असतो, म्हणून सुरुवात तिच्या झाकेपासून करावी.

आता पॉलिश. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. कपाट जुळवून घेता येईल का म्हणून पॉलिश करणाऱ्या काकांना बोलावलं. त्यांनी कपाटाची फळी काढून उलटी केली. खालच्या बाजूला स्टेन, म्हणजे लाकडाला रंग देणारं पारदर्शक द्रव, लागलेलाच नव्हता, लाकूड फिकं, हलकं गुलाबी होतं. लेबलवर ‘वॉलनट’ होतं, पण ते बीच नावाचं दुसरंच लाकूड होतं, अक्रोडी रंगाच्या स्टेनखालचं. काकांनी फडक्याला टर्पेंटाइन लावून त्या कोऱ्या भागावरून फिरवलं, तसा तो भाग ओला होऊन क्षणात गडद झाला आणि गुलाबी चांगलाच उठून आला. ‘पॉलिशखाली हे असंच दिसणार,’ ते म्हणाले. ‘गडद कितीही करता येईल. आतला लाल काढता येत नाही, तो मारावा लागतो. त्याला थोडा हिरवा घालावा लागतो.’

त्या एका वाक्यात माझी सगळी गल्लत उलगडली. पारदर्शक स्टेन लाकडावर चढतो, त्यातून मूळ लाकूड दिसतच राहतं. गडदपणा वाढवणं सोपं, झाक वळवणं अवघड, त्यासाठी विरुद्ध रंग लागतो: लालसाठी हिरवा, पिवळ्यासाठी जांभळा, नारिंगीसाठी निळा. तेही किंचित, नाहीतर लाकूड निर्जीव दिसतं. आम्ही तो खटाटोप केला नाही. कपाट समोरच्या भिंतीला गेलं आणि टेबलाशेजारी फिका बाक आला.

वरचा शेवटचा थरही झाक बदलतो. तेलाचा आधार असलेलं पॉलियुरेथेन (एक प्रकारचं वार्निश) आणि लाखेचं पॉलिश लाकडाला सोनेरी-पिवळसर करतं, तेलाचं तर काळाबरोबर आणखी पिवळं पडतं. पाण्याचा आधार असलेलं बरंच स्वच्छ राहतं. एकाच फळीचे दोन तुकडे करून दोन वेगळे थर दिले तरी झाका दोन होतात. म्हणून लाकडाचं किंवा स्टेनचं नाव सांगून जुळवणी करू नका, तयार पॉलिश झालेला तुकडा हातात घ्या. लॅमिनेटला यातलं काही लागू नाही, ते लाकडाचं छापील चित्र असतं. त्याची झाक कारखान्यात ठरते आणि पुढे खऱ्या लाकडासारखी बदलत नाही.

दुकानातला तो पांढरा दिवाही या गल्लतीत सामील होता. दिव्याच्या उजेडाची झाक केल्विनमध्ये मोजतात. साधारण 2700 केल्विनचा पिवळसर दिवा लाकडातला पिवळा-लाल वर काढतो, 6500 केल्विनचा निळसर पांढरा दिवा तो दाबतो. एका उजेडात तंतोतंत जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. नमुना घरी आणून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी दिवे लावल्यावर पाहावा, आणि ज्या वेळी ती खोली जास्त वापरली जाते त्या वेळचं मत जास्त मोलाचं धरावं.

एवढं सगळं जुळवल्यावरही एक गोष्ट उरते, ती म्हणजे काळ. लाकडाचा साधारण पाव हिस्सा लिग्निन, म्हणजे त्याचे तंतू बांधून ठेवणारा पदार्थ, असतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते बदलतं. खिडकीच्या काचेआडूनही हे होतं. इथे गडदपणा आणि झाक दोन्ही एकदम सरकतात, पण प्रत्येक लाकडात वेगळ्या दिशेने. चेरी फिकी गुलाबी येते आणि काही महिन्यांत खोल तांबूस होते. नुकतंच कापलेलं सागवान डागाळलेलं, हिरवट दिसतं आणि उजेडात सोनेरी तपकिरी होतं. मॅपल पिवळं पडतं. अक्रोड उलटा चालतो, वर्षानुवर्षांत उजळत जातो आणि त्यातला राखाडी निघून थोडा मधाळ होतो. म्हणजे जुन्या सागवानाशेजारी नवं सागवानसुद्धा पहिल्या दिवशी परकं वाटू शकतं, आणि त्याला घाईने स्टेन दिला तर सहा महिन्यांनी ते जुन्याच्या पुढे निघून जातं.

त्यामुळे हल्ली नवीन लाकूड घ्यायचं असलं की मी आधी हातभर नमुना मागते. त्याच्या अर्ध्या भागावर जाड पुठ्ठा चिकटपट्टीने घट्ट बसवते आणि तो दक्षिणेच्या खिडकीत ठेवून देते. दोन-तीन आठवड्यांनी पुठ्ठा काढला की मधोमध एक सरळ रेषा दिसते: एका बाजूला लाकूड आज जसं आहे ते, दुसऱ्या बाजूला ते ज्या वाटेने निघालं आहे ते. जुन्या टेबलाला मी ही दुसरी बाजू लावून पाहते, पांढरा कागद मध्ये ठेवून.