कुंकळ्ळीकरीण दरवर्षी गावाला परत का येते? १५८३ च्या उठावाची पार्श्वभूमी

गोव्यात फाल्गुनात फातर्प्याहून कुंकळ्ळीला शांतादुर्गेची पालखी येते, सोबत बारा रंगीत छत्र्या, आणि गुलाल इतका की रस्ता लाल, झाडं लाल, माणसं तर ओळखूच येत नाहीत. तिथं याला सोंत्र्यो म्हणतात. बाहेरून बघायला आलेल्यांना वाटतं शिगम्यातलाच, म्हणजे गोव्याच्या होळीतलाच एक प्रकार असेल, फोटो काढतात आणि जातात. पण देवीचं नाव नीट ऐका, शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण. देऊळ केपें तालुक्यात फातर्प्याला आणि नाव सासष्टीतल्या कुंकळ्ळीचं. राहायचं एका गावात आणि आडनाव दुसऱ्या गावाचं, असं माणसांचं होतं ना, तसं देवीचं झालंय. का झालं ते समजून घ्यायचं तर साडेचारशे वर्षं मागे जावं लागतं.

१५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा बेट, म्हणजे आजची तिसवाडी, घेतली. तेव्हा त्याला तिम्मय्यासारख्या इथल्याच माणसांची मदत होती, आणि सुरुवातीला पोर्तुगीज गावगाड्याला फारसा हात लावत नव्हते, कारण सारा वसूल व्हायला गावं शांत असणं गरजेचं होतं. १५२६ मध्ये तर त्यांनी तिसवाडीतल्या गावांच्या रूढी, हक्क वगैरे सगळं लिहून काढलं, त्याला फोरल म्हणतात. हा कागद महत्त्वाचा आहे कारण त्यात गांवकारी नोंदली गेली. गांवकारी म्हणजे काय तर गाव ज्यांनी वसवलं असं मानलं जातं त्या मूळ घराण्यांची, म्हणजे वांगडांची, सामाईक मालकी. शेतं लिलावानं कसायला द्यायची, त्यातून बांध, रस्ते, देऊळ, गावातले कारागीर यांचा खर्च करायचा, सरकारचा सारा भरायचा आणि उरलं ते गांवकारांनी वाटून घ्यायचं. पोर्तुगीजांनी पुढे तिलाच कोमुनिदाद म्हटलं आणि आजही गोव्यात दोनशेच्या वर कोमुनिदादी आहेत.

आता यात देऊळ कुठे येतं हे बघा, कारण माझ्या मते इथेच सगळी मेख आहे. देऊळ हे फक्त पूजेचं ठिकाण नव्हतं. गांवकारांची बैठक देवळात, देवळाच्या नावाने जमीन, कोणत्या वांगडाचा मान पहिला आणि कोणाचा नंतर हेही देवळातच ठरायचं. म्हणजे गावचं ऑफिस, कोर्ट आणि तिजोरी एकाच ठिकाणी. त्यामुळे देऊळ पाडलं की भिंती पडतात एवढंच होत नाही, गावाचा कारभारच मोडतो.

आणि १५४० पासून नेमकं तेच सुरू झालं. आधी तिसवाडीतली देवळं गेली, त्यांच्या जमिनींचं उत्पन्न चर्च आणि मिशनऱ्यांच्या खर्चाकडे वळवलं गेलं. १५४३ मध्ये सासष्टी आणि बार्देश पोर्तुगीजांकडे आले, बार्देशात फ्रान्सिस्कन आणि सासष्टीत जेझुइट अशी पाद्र्यांच्या दोन संघांत वाटणी झाली. १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आलं, आणि १५६७ च्या सुमाराला सासष्टीतल्याच रायतूरच्या किल्ल्यावरच्या कॅप्टनने सासष्टीतली शेकडो देवळं पाडली, जाळली. लोकांनी देव उचलले आणि रातोरात पोर्तुगीज हद्दीबाहेर नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, ही सगळी फोंड्याकडची गावं. मुंबई-पुण्याहून कुलदैवताला म्हणून जी कुटुंबं दरवर्षी फोंड्याला जातात त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे देव असे निर्वासित होऊन तिथं पोचलेले आहेत, आणि हे घरात कोणीतरी मुलांना सांगायला हवं असं मला फार वाटतं. कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला गेली ती याच धामधुमीत. कुंकळ्ळीहून फार लांब नाही, पण तेव्हा ती पोर्तुगीजांची हद्द नव्हती.

सासष्टीच्या दक्षिण टोकाची पाच गावं, कुंकळ्ळी, असोळणा, वेळ्ळी, आंबेली आणि वेरोडा, मात्र वाकायला तयार नव्हती. देऊळ पाडलं की परत उभं करायचे, सारा द्यायला नकार, सरकारच्या माणसांना गावात थारा नाही. मग लष्करी मोहिमा, जाळपोळ, परत देवळं पाडणं, असं काही वर्षं चाललं. या मोहिमांबरोबर पाद्रीही होते हे विसरून चालणार नाही, गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर सैनिक आणि पाद्री एकत्रच आले होते, त्यांनी दोघांत फरक का करावा?

१५ जुलै १५८३ ला पाच जेझुइट, चार पाद्री आणि एक ब्रदर, सोबतच्या लोकांना घेऊन कुंकळ्ळीला आले. क्रूस उभारायचा आणि चर्चसाठी जागा बघायची असा बेत होता. त्यांचा प्रमुख रुडॉल्फ आक्वाविवा, इटलीच्या बड्या घराण्यातला, वय अवघं बत्तीस, काही महिन्यांपूर्वीपर्यंत फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात धर्मचर्चा करत होता. त्याच्याबरोबरच्या पाशेको आणि बेर्नो या दोघांना मात्र गाव ओळखत होतं, आधीच्या मोहिमांमधून. गावात बैठक झाली आणि मग लोक शस्त्रं घेऊन चालून आले. पाचही जेझुइट मारले गेले, त्यांच्याबरोबर आलेले काही स्थानिक ख्रिस्तीही, त्यात अगदी लहान पोरंही होती. मृतदेह विहिरीत टाकले. हे भयंकर होतं, आणि गावाची बाजू सांगताना हे गाळून पुढे जाणं मला पटत नाही.

सरकारने सूड घेतला तो पण कसा, बोलणी करू या म्हणून गावांच्या सोळा नायकांना असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावलं आणि आत घेऊन मारलं. चौकशी नाही, खटला नाही. पंधरा जण गेले, एकाने नदीत उडी टाकली आणि तो पोहून कारवारकडे निसटला असं सांगतात. गावं उद्ध्वस्त केली गेली आणि गांवकारीच्या जमिनी काढून एका पोर्तुगीज सरदाराला इनाम दिल्या. म्हणजे कालपर्यंत जे मालक होते ते आपल्याच शेतात कुळं झाले, आणि माझ्या दृष्टीने असोळण्याच्या कत्तलीपेक्षाही ही शिक्षा लांबवर टिकली, पिढ्यानपिढ्या, कारण माणूस मेला की घर रडतं आणि उभं राहतं, जमीन गेली की गावच उभं राहत नाही.

आता मराठी वाचकाला जवळचा असा एक धागा. कुंकळ्ळीहून ते पाच मृतदेह मिळवून त्यांचं दफन करणारा माणूस म्हणजे थॉमस स्टीफन्स, तेव्हा सासष्टीतलाच एक जेझुइट. हो, तेच आपले फादर स्टीफन्स. ज्या लोकांनी आपले सहकारी मारले त्यांच्यातच हा माणूस पुढची कितीतरी वर्षं राहिला, त्यांची भाषा शिकला, आणि १६१६ मध्ये रायतूरला त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, सुमारे अकरा हजार मराठी ओव्या. बाटलेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना ऐकायला काहीतरी हवं होतं, म्हणून ओवीत येशूची कथा. आपण शाळेत त्याने केलेलं मराठीचं कौतुक वाचतो, पण ती पोकळी कशी तयार झाली हे वाचत नाही. आणि पुढे १६८४ मध्ये त्याच सरकारने स्थानिक भाषा बंद करून तीन वर्षांत पोर्तुगीज शिका असा हुकूम काढला.

१५८३ बद्दल जे लेखी आहे ते जवळपास सगळं जेझुइटांच्या पत्रांतून आणि पोर्तुगीज कागदांतून आलंय. त्यांच्या पाच जणांची नावं, गावं, घराणी सगळं माहीत आहे, १८९३ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी त्यांना धन्य म्हणून घोषित केलं. नायकांचं स्मारक कुंकळ्ळीत उभं राहायला २००३ उजाडलं. भारतातला युरोपियनांविरुद्धचा पहिला उठाव हाच असं काही जण आग्रहाने म्हणतात, मला त्या पहिल्या नंबरात फारसा रस नाही, केरळात कुंजाली मरक्कार हे आरमारी सरदार पोर्तुगीजांशी त्याआधीपासून लढतच होते. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की कुंकळ्ळीने स्वतःची नोंद कागदावर नाही तर उत्सवात ठेवली.

त्या बारा छत्र्या म्हणजे गावची बारा वांगडं. देवी तिच्या मूळ जागी येते तेव्हा प्रत्येक वांगडाची छत्री तिच्याबरोबर चालते, आणि त्या वांगडांतली काही घरं आज ख्रिस्ती आहेत, चारशे वर्षांपासून. तरी सोंत्र्योत त्यांचा मान आहे आणि तीही येतात, गुलाल लावून घेतात.