पू न होणारा संसर्ग

जखम पिकली, पू झाला की आत जंतू शिरलेत हे घरच्यांनाही कळतं. पण पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. त्या पेशीच अंगात नसतील तर? केमोथेरपी चालू असलेल्या मुलात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरभर रक्तात 500 च्याही खाली उतरू शकतात. मग न्यूमोनिया असूनही सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, मूत्रमार्गात संसर्ग असूनही लघवीत पू-पेशी अनेकदा सापडत नाहीत. बऱ्याचदा ताप हीच एकमेव खूण. म्हणून ताप दिसताच, जंतू कोणता हे कळायच्या आत, प्रतिजैविकं सुरू करावी लागतात.

जन्मतःच प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या मुलांत प्रतिपिंडांची, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीर बनवतं त्या प्रथिनांची, तपासणीही फसते. काहींचं शरीर प्रतिपिंडं बनवतच नाही. त्यांना बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन दिलेलं असेल तर अहवालात दिसतात ती रक्तदात्यांची प्रतिपिंडं!

थोडक्यात, आपण एरवी शरीराची साक्ष काढतो आणि इथे साक्षीदारच गैरहजर असतो. म्हणून जंतूलाच गाठायला हवं. ब्लड कल्चरमध्ये तो वाढवून ओळखता येतो, पण त्याला एक ते तीन दिवस लागतात. लहान मुलाचं रक्तही थोडंच घेता येतं, आणि त्यात जंतू मोजकेच असतात. आधी प्रतिजैविक दिलेलं असेल तर जंतू वाढतीलच असं नाही.

पीसीआर या डीएनए शोधणाऱ्या चाचणीला जंतू वाढण्याची वाट पाहावी लागत नाही. डीएनएचा ठरावीक तुकडा दर फेरीत दुप्पट होतो. सगळं सुरळीत चाललं तर 30 फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक. सगळ्या जिवाणूंमध्ये असणारं 16एस हे जनुक सुमारे 1,500 अक्षरांचं असतं. त्याचे काही भाग जवळपास सर्वांत सारखे, तर काही जातीगणिक वेगळे. सारख्या भागाला धरून जनुक उचलायचं आणि वेगळ्या भागावरून जंतूचं नाव वाचायचं, ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

मात्र मेलेल्या जंतूचा डीएनएही सापडतो, त्वचेवरचा किंवा रसायनांतला उपरा डीएनए मिसळू शकतो. मेकए जनुक दिसलं तर स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद देणार नाही असं सांगता येतं. पण कोणतं औषध नक्की लागू पडेल, यासाठी अजून कल्चरच लागतं.

तरीही एका ठिकाणी ही चाचणी उपचारच बदलते. बीसीजी ही जिवंत जंतूंची लस. प्रतिकारशक्तीचा जन्मजात गंभीर अभाव असलेल्या बाळात तोच जंतू अंगभर पसरू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो क्षयाच्या जंतूसारखाच दिसतो, आणि क्षयाच्या अनेक रेणवीय (डीएनए तपासणाऱ्या) चाचण्याही दोघांना वेगळं करत नाहीत. पण बीसीजीच्या जनुकसंचातून आरडी1 नावाचा तुकडा गळालेला आहे. तो आहे की नाही, हे पीसीआरने पाहता येतं. तो नसेल तर क्षयावरचं पायराझिनामाइड या बाळाला देऊन उपयोग नाही. बीसीजीवर ते चालतच नाही.