जरीची बनियन आणि आत्याची धडधड

आमच्या पैठणच्या आत्याला रात्री-बेरात्री धडधड व्हायची. "छातीत कोंबडी फडफडायलीय बघ," म्हणायची. पन्नासेक किलोमीटरवरच्या संभाजीनगरात पोचेपर्यंत कोंबडी खुराड्यात जाऊन बसलेली असायची. ईसीजी एकदम नितळ. घरच्यांनी निदान करून टाकलं: पित्त.

कागदाचा दोष नव्हता. ईसीजी जेमतेम 10 सेकंदांचा हिशोब देतो, आणि एट्रियल फिब्रिलेशन हे दुखणं बऱ्याचदा येऊन-जाऊन असतं. त्यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकसत नाहीत, मिनिटाला 300 हून जास्त वेळा नुसते थरथरतात. रक्त तिथं रेंगाळतं, गुठळी धरते, आणि ती मेंदूत जाऊन अडकली की लकवा. हा धोका सुमारे पाचपट वाढतो. काहींना तर धडधड कळतही नाही.

म्हणून पाळत ठेवावी लागते. होल्टर यंत्र 24 ते 48 तास ठोके टिपतं, पण छातीवर चकत्या चिकटवून. एप्रिलच्या उन्हात त्या खाजतात, सुटतात. त्यावर उपाय म्हणून आलेत अंगातले कपडे: घट्ट बनियन किंवा छातीचा पट्टा, ज्यात चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा विणलेला असतो. पैठणकरांना यात नवल वाटू नये, जुन्या अस्सल जरीतही चांदीच असायची. तिथं ती मिरवायला, इथं वीज वाहायला.

हृदयाची वीज तरी केवढी? त्वचेवर पोचते ती साधारण 1 मिलिव्होल्ट. घड्याळातला सेल तिच्या दीड हजार पट. त्यात कोरडी कातडी वाट अडवते. चकतीखाली खारट जेल असतं ते त्यासाठीच. कापडात जेल नाही, म्हणून बनियन घातल्या घातल्या आलेख खरखरीत येतो आणि जरा घाम आला की सुधारतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईसीजीचे जनक आइन्थोव्हेन रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ईसीजी काढायचे, युक्ती तीच. आपल्याकडं निदान घामाला तोटा नाही!

खरी अडचण सैलपणाची. कापड अंगावर सरकलं की त्या घासण्याची लाट हृदयाच्या लाटेपेक्षा मोठी उमटते. म्हणजे बनियन आवळूनच हवी, आणि मे महिन्यात ती दिवसभर कोण घालणार, हे मला अजून पटलेलं नाही. शिवाय संगणकानं "ठोके अनियमित" म्हटलं तरी ते निदान नव्हे. बनियनीचा किमान 30 सेकंदांचा आलेख डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहावा लागतो.

आत्याची कोंबडी शेवटी दुसऱ्या होल्टरमध्ये सापडली. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. मी तिला या बनियनीबद्दल सांगितलं, तर मागांच्या खटखटाटात वाढलेली ती बाई एवढंच म्हणाली, "चांदीची हाय म्हणतोस, मग धुवायची कशी?"

इंजिनिअर लोकही तिथंच अडलेत. दर धुण्याला मुलामा थोडाथोडा झिजतो.