चार वाक्यांच्या ओळखी

नाशिकच्या गंगाघाटावर बुधवारच्या बाजारात मेथी घेताना चार वाक्यं सहज होतात.

"मावशी, जुडी कशी दिली?"

"वीसला. सकाळीच खुडलीय ताई, पानं बघा ना."

"मागच्या वेळची छान कोवळी होती हो."

"मग आज दोन न्या!"

जुडीबरोबर पिशवीत चार मिरच्या आणि कढीपत्त्याची एक काडीही पडते. दोघींना एकमेकींचं नावसुद्धा ठाऊक नसतं. अशा किरकोळ ओळखींचा रोजच्या आनंदात किती वाटा असतो, हे मानसशास्त्राने गेल्या काही वर्षांत नीट तपासून पाहिलं आहे. तो वाटा आपण समजतो त्याहून मोठा आहे.

लांबच्या ओळखींचं महत्त्व पहिल्यांदा ठळकपणे मांडलं ते समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी, १९७३ साली. नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते, असं त्यांना आढळलं. जिवलगांना बहुतेक तेच माहीत असतं जे आपल्याला असतं. पण हा झाला व्यवहारातला फायदा. मनाचं काय?

जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना दोन छोटी मोजणीयंत्रं दिली. जवळच्या माणसाशी बोललं की एक दाबायचं, जुजबी ओळखीच्या माणसाशी बोललं की दुसरं. ज्या दिवशी जुजबी ओळखीच्या माणसांशी एरवीपेक्षा जास्त बोलणं झालं, त्या दिवशी लोक अधिक आनंदी होते. आता कोणीही विचारेल, की आनंदी माणूसच जास्त बोलत असेल! शंका रास्त आहे, आणि ती फेडायची तर प्रयोगच करावा लागतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात या दोघींनी कॉफीच्या दुकानात जाणाऱ्यांचे दोन गट केले. एकाने झटपट कॉफी घेऊन निघायचं. दुसऱ्याने कॉफी देणाऱ्याकडे बघून हसायचं आणि दोन शब्द बोलायचे. दुसऱ्या गटातली माणसं अधिक प्रसन्न मनाने बाहेर पडली.

मग आपण बोलत का नाही? याचं उत्तर निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या लोकल गाड्यांत शोधलं. काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला, तर काहींना नेहमीसारखाच प्रवास करायला. सर्वांत सुखाचा प्रवास बोलणाऱ्यांचा झाला. गंमत अशी, की 'असं केलं तर कसं वाटेल?' एवढंच ज्यांना विचारलं, त्यांनी नेमका उलटा अंदाज दिला होता. समोरच्याला बोलायचं नाहीये असं प्रत्येक जण गृहीत धरतो, आणि अख्खा डबा गप्प राहतो.

नाशिककरांना हे शिकागोहून शिकायची गरज नाही खरं तर. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई गाठणाऱ्या पासधारकांना विचारा. पहाटे उठून नाशिकरोड गाठायचं, रात्री घरी परतायचं, हे वर्षानुवर्षं करणं सोपं नाही. त्या प्रवासात सोबतीला असतात ती रोज भेटणारी, डब्यातली भाजी पुढे करणारी माणसं. हे नातं घरच्या नात्याची जागा घेत नाही, पण दिवसाचा भार नक्की हलका करतं.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आता दुकानात कोड स्कॅन केला की पैसे पोचल्याचं डबीच ओरडून सांगते. सुट्ट्या पैशांवरून व्हायचं ते बोलणंही गेलं. भाजी ॲपवरून येते, आणि बसमध्ये कानात हेडफोन असतात. सोय झाली हे मान्यच, पण तिच्याबरोबर दिवसभरातली अशी पाच-सहा बोलणी चुपचाप वजा झाली.

बुजऱ्या माणसांसाठी एक प्रयोग मोलाचा आहे. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सँडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी लोकांना आठवडाभर रोज एक कामगिरी दिली: टोपी घातलेल्या माणसाशी बोला, अशा प्रकारची. आठवड्याअखेरीस झिडकारलं जाण्याची त्यांची भीती कमी झाली आणि आपल्याला बोलायला जमतं हा विश्वास वाढला. एखाद्या सुखद संभाषणाने ही भीती फारशी हलत नाही. पुढच्या वेळी ती पुन्हा उभी राहते. रोज बोललं तर मात्र ओसरते. म्हणून सुरुवात बसच्या कंडक्टरपासून करावी, किंवा सोसायटीच्या वॉचमनकाकांपासून: "काका, चहा झाला का?"